देवासमोर नीतिमान ठरणं म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सगळीकडून येतात. काही जण लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेले असतात, काहींनी नुकतंच बायबल उघडलेलं असतं, आणि गंमत म्हणजे दोघांचे प्रश्न बऱ्याचदा सेमच असतात. जिथे गोंधळ जास्त तिथे उत्तर लांब झालंय, बाकी ठिकाणी दोन ओळीत उरकलंय. वचनं इथे माझ्या भाषेत सांगितली आहेत, संदर्भ दिलेत, तेव्हा स्वतः काढून वाचा.

नीतिमान म्हणजे चांगला माणूस, एवढंच ना?

अर्धं बरोबर. आपण रोजच्या बोलण्यात एखाद्याला नीतिमान म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, कुणाला फसवत नाही, असं काहीतरी डोक्यात असतं. बायबलमध्ये तेही आहेच. पण येशूचा प्रेषित पौल रोममधल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या रोमकरांस पत्रात या विषयावर बोलतो तेव्हा चित्र कोर्टाचं आहे. आरोपी उभा आहे, जज समोर आहे आणि निकाल यायचाय. दोषी की निर्दोष? तो निकाल म्हणजे माणसाच्या स्वभावाचं कौतुक नव्हे, त्याची जजसमोरची जागा काय ते ठरवणारी गोष्ट आहे.

म्हणून "देवासमोर" हा भाग सोडून चालत नाही. शेजारी, नातेवाईक, ऑफिसमधले लोक यांच्यासमोर चांगलं नाव असणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यांना आपलं बाहेरचं दिसतं. ज्याला आतलं सगळं दिसतं तो काय म्हणतो हा खरा प्रश्न. आणि ख्रिस्ती विश्वासाचं उत्तर असं की तो चांगला निकाल आपल्या कामगिरीवर मिळत नाही, येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला देव तो कृपेने देतो, फुकट देतो. हे पचायला बहुतेकांना जड जातं, आणि वाईट लोकांपेक्षा चांगल्या लोकांना जास्त जड जातं असं माझं मत आहे.

मी कुणाचं वाईट केलं नाही, मग मी पापी कसा?

हा प्रश्न चिडून विचारला जातो आणि चिडणं समजू शकतं, कारण पापी म्हटलं की आपल्याला खून, दरोडा, व्यभिचार असलंच काहीतरी आठवतं. पण रोमकरांस पत्राचे पहिले तीन अध्याय सलग वाचा. पौल पहिल्या अध्यायात उघड उघड वाईट वागणाऱ्यांबद्दल बोलतो, वाचणारा मान डोलवतो, हो हो असेच असतात लोक, आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत पौल वळून त्या मान डोलवणाऱ्यालाच धरतो, की बाबा तू दुसऱ्याला दोष देतोस पण करतोस तू पण तेच. तिसऱ्या अध्यायात मग स्तोत्रांतलं वाक्य येतं की नीतिमान कोणी नाही, एकही नाही (रोम ३:१०).

येशूने डोंगरावरच्या प्रवचनात हे आणखी जवळ आणलं. खून केला नसेल पण भावावर मनात राग धरून बसलायस ना? व्यभिचार केला नसेल पण नजर? (मत्तय ५:२१-२८) आता सांगा कोण सुटतं यातून.

आणि दुसरी बाजू म्हणजे न केलेल्या गोष्टी. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती विचारल्यावर येशूने सांगितलं की देवावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण बुद्धीने प्रीती कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. "कुणाचं वाईट केलं नाही" हे त्या आज्ञेचं उत्तरच नाहीये.

मग दहा आज्ञा आणि नियमशास्त्र (देवाने मोशेद्वारे दिलेले नियम) कशाला दिलं, जर ते पाळून कोणी नीतिमान ठरत नसेल तर?

थर्मामीटर ताप दाखवतो, उतरवत नाही. रोम ३:२० मध्ये पौल साधारण हेच सांगतो, की नियमशास्त्राने पापाची जाणीव होते. त्यात नियमशास्त्राचा दोष नाही, ते पवित्र आहे असं तोच सातव्या अध्यायात ठामपणे लिहितो. प्रॉब्लेम आपल्यात आहे. शिवाय चांगलं जगणं कसं दिसतं हे कळायला आज्ञा आजही लागतातच, त्या फेकून द्यायच्या नसतात.

देव प्रेमळ आहे तर सरळ माफ करून का टाकत नाही? येशूने वधस्तंभावर मरण्याची गरजच काय?

हा माझ्या मते या सगळ्या यादीतला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि बरेच ख्रिस्ती लोक पण यावर अडखळतात.

असा विचार करा. कोर्टात जज आहे, समोर एक माणूस आहे ज्याने दुसऱ्याच्या मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त केलंय, पुरावे आहेत, कबुली आहे, आणि जज म्हणतो की मी फार प्रेमळ आहे, जा, सोडलं तुला. त्या मुलीचे आईवडील तिथे बसलेत. त्यांना तो जज प्रेमळ वाटेल का? त्यांना तो विकाऊ वाटेल. वाईटाला वाईट न म्हणणारं प्रेम म्हणजे पीडितांशी केलेली बेइमानी असते. नीतिसूत्रे १७:१५ मध्ये तर सरळ लिहिलंय की दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघांचाही परमेश्वराला वीट आहे.

आता इथे बायबल स्वतःच पेचात सापडल्यासारखं वाटतं, कारण रोम ४:५ मध्ये पौल म्हणतो की देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो. म्हणजे जे करू नये असं देवाने माणसातल्या जजला सांगितलं तेच तो स्वतः करतो? या पेचाचं उत्तर रोम ३:२५-२६ मध्ये आहे आणि त्या दोन ओळींवर थांबून दहा वेळा वाचलं तरी कमीच आहे. पौल म्हणतो की देवाने ख्रिस्ताला त्याच्या रक्ताद्वारे प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवलं, ते यासाठी की देव स्वतः न्यायी राहावा आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही असावा. दोन्ही एकाच वेळी. पाप गालिच्याखाली ढकललं नाही, त्याचा निकाल लागला, पण तो निकाल वधस्तंभावर लागला आणि तो देवाने स्वतःच्या पुत्रामध्ये स्वतःवर घेतला.

इथे एक गैरसमज हमखास होतो की रागावलेला बाप आहे आणि बिचारा मुलगा मधे पडून मार खातोय. असं नाहीये हो. २ करिंथ ५:१९ म्हणतं की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. आणि योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो की माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी तो आपणहून देतो. पित्याची आणि पुत्राची इच्छा एकच आहे.

पण एकाचं नीतिमत्त्व दुसऱ्याच्या नावावर कसं होऊ शकतं? हा अन्याय नाही का?

दोन अनोळखी माणसांमध्ये असं झालं तर विचित्रच वाटेल. पण नवा करार ख्रिस्त आणि विश्वास ठेवणारा यांना दोन अनोळखी माणसं समजतच नाही. "ख्रिस्तामध्ये" हा शब्द पौलाच्या पत्रांत इतक्या वेळा येतो की वाचताना आपण त्यावरून घसरून पुढे जातो. विश्वासाने माणूस ख्रिस्ताशी जोडला जातो, मग ख्रिस्ताचं ते त्याचं आणि त्याचं ते ख्रिस्ताचं. २ करिंथ ५:२१ मध्ये ही अदलाबदल एका वाक्यात आहे: ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला देवाने आपल्याकरता पाप असं केलं, यासाठी की आपण त्याच्यामध्ये देवाचं नीतिमत्त्व व्हावं.

याचं एक छोटंसं पण जिवंत उदाहरण पौलाच्या स्वतःच्या हातचं आहे. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र, एकच पान आहे. अनेसिम नावाचा गुलाम मालकापासून दूर गेलाय, पौल कैदेत असताना त्याच्याकडे येऊन विश्वासात आलाय, आणि पौल त्याला परत पाठवताना मालकाला लिहितो की मला जसं स्वीकारशील तसंच याला स्वीकार, आणि त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी पौल हे माझ्या हाताने लिहितोय, मी फेडीन (फिलेमोन १७-१९). त्याचं कर्ज माझ्या नावावर, माझं स्वागत त्याच्या नावावर. पौल तिथे सिद्धांत शिकवायला बसला नव्हता, एका माणसाची अडचण सोडवत होता, पण शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताची ही आनंदाची बातमी, अंगात मुरली की हिशेबसुद्धा असाच मांडला जातो.

जुन्या करारातले लोक मग कसे नीतिमान ठरले? तेव्हा तर येशू आलेला नव्हता.

विश्वासानेच. अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असं गणण्यात आलं, उत्पत्ती १५:६. पौल या एका ओळीवर रोम ४ हा अख्खा अध्याय उभा करतो, आणि त्याचा युक्तिवाद भारी आहे, तो वकिलासारखा तारखा बघतो. हे कधी झालं? सुंता झाल्यावर की आधी? आधी. सुंता उत्पत्तीच्या १७ व्या अध्यायात आहे, तेव्हा अब्राहाम ९९ वर्षांचा होता, आणि ताऱ्यांखाली उभं राहून देवाचं वचन ऐकल्याची रात्र त्याच्या निदान तेरा वर्षं आधीची. आणि नियमशास्त्र? ते तर गलती ३:१७ प्रमाणे ४३० वर्षांनी आलं. म्हणजे ज्या माणसाला सगळे आपला मूळपुरुष म्हणतात तो कुठल्याही विधीआधी, कुठल्याही आज्ञेआधी नीतिमान ठरला होता. विषय संपला.

दावीदाचं पण बघा, स्तोत्र ३२. ज्याच्या अपराधाची क्षमा झाली तो धन्य, असं तो म्हणतो. ज्याने अपराधच केला नाही तो धन्य असं नाही म्हणत. त्यांची नजर पुढे येणाऱ्या वचनाकडे होती, आपली मागे वधस्तंभाकडे आहे, एवढाच फरक.

विश्वास ठेवणं हे पण एक काम झालं ना? म्हणजे शेवटी काहीतरी करूनच मिळतंय.

नाही, कारण विश्वास काही कमवत नाही, तो हात पुढे करून घेतो. मोठा विश्वास असेल तर जास्त नीतिमत्त्व आणि कमी असेल तर कमी, असा रेट नाहीये. मार्क ९:२४ मधला बाप आपल्या आजारी मुलासाठी ओरडतो की मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवा, असा निम्मा विश्वास निम्मा संशय, आणि येशू त्याला परत पाठवत नाही. विश्वासाची किंमत तो कुणावर ठेवलाय यावर असते. स्वतःच्या विश्वासाचंच मोजमाप करत बसलेला माणूस हळूहळू ख्रिस्ताकडे बघायचा बंद होतो, हे मात्र खरं.

परूशी आणि जकातदाराच्या गोष्टीत परूश्याचं नेमकं काय चुकलं? तो तर चांगलाच माणूस होता की.

चांगलाच होता! इथेच आपण गोष्ट चुकीची वाचतो. परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी गटातला माणूस) म्हटलं की आपण ढोंगी असं गृहीत धरतो, पण लूक १८:९-१४ मध्ये येशू असं कुठेही म्हणत नाही की हा माणूस खोटं बोलत होता. तो आठवड्यातून दोनदा उपास करायचा, मिळकतीचा दशांश द्यायचा. खरंच करत असणार. आणि तो देवाचे आभारसुद्धा मानतो, म्हणजे श्रेय देवालाच देतोय वरवर तरी. दुसरीकडे जकातदार. रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून पैसे उकळणारी ही जमात, लोकांना यांचा मनापासून तिटकारा, आणि तो काही उगाच नव्हता.

आता दोघं कसे उभे आहेत ते बघा. परूशी उभा राहून बोलतोय, आणि त्याच्या प्रार्थनेत देवाचं नाव एकदा येतं, बाकी सगळं मी, मी आणि मी. बाजूच्या माणसाकडे एक तिरकी नजर पण आहे, की या जकातदारासारखा मी नाही. जकातदार लांब उभा आहे, डोळे वर करायची हिंमत नाही, छाती बडवतोय, आणि त्याची प्रार्थना एका वाक्याची आहे, देवा, मज पाप्यावर दया कर. ना सुधारण्याचं प्रॉमिस, ना मागच्या चांगल्या कामांची लिस्ट. आणि येशू म्हणतो की हा नीतिमान ठरून घरी गेला, तो दुसरा नाही.

ऐकणाऱ्यांना हे धक्कादायक वाटलं असणार. परूश्याचं चुकलं ते उपासात नाही आणि दशांशातही नाही, त्या गोष्टी जजसमोर पुरावा म्हणून मांडण्यात चुकलं. आणि एक सापळा सांगतो. ही गोष्ट वाचून "बरं झालं मी त्या परूश्यासारखा नाही" असं मनात आलं की आपण परूशीच झालो.

पौल म्हणतो विश्वासाने, याकोब म्हणतो कृत्यांनी. कोण बरोबर?

दोघंही. आणि दोघं एकमेकांशी भांडतच नाहीयेत, ते वेगवेगळ्या आजाराच्या पेशंटशी बोलतायत.

याकोब २:२४ म्हणतं की मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे तर कृत्यांनी नीतिमान ठरतो. ऐकायला थेट पौलाच्या उलट. १६ व्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथर याला हे पत्र इतकं खटकायचं की १५२२ च्या त्याच्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं, जे मला तरी घाईचं वाटतं. कारण याकोब कुठल्या विश्वासाबद्दल बोलतोय ते बघा. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, त्या दिवसाचं अन्न नाही, आणि तुम्ही म्हणता जा, ऊब घ्या, पोटभर जेवा, आणि देत काहीच नाही. हा विश्वास नुसता तोंडात आहे. असा विश्वास तर भुतांचाही आहे, म्हणतो तो, आणि ती निदान थरथर तरी कापतात (याकोब २:१९).

दोघंही अब्राहामाचं उदाहरण देतात, पण वेगळ्या प्रसंगाचं. पौल ताऱ्यांच्या रात्रीचं देतो, उत्पत्ती १५. याकोब इसहाकाला वेदीवर ठेवल्याचं देतो, उत्पत्ती २२. मधे कित्येक वर्षं गेलीत, इसहाक जन्मला तेव्हाच बाप १०० वर्षांचा होता. म्हणजे अब्राहाम नीतिमान गणला गेला तो आधी, आणि तो विश्वास खरा होता हे सगळ्यांना दिसलं ते नंतर. पौल विचारतो की माणूस देवासमोर कशावर उभा राहतो. याकोब विचारतो की तुझा विश्वास जिवंत आहे हे कळणार कसं. आणि पौल पण गलती ५:६ मध्ये प्रीतीने कार्य करणाऱ्या विश्वासाबद्दलच बोलतो ना.

मग काय, विश्वास ठेवला की कसंही वागलं तरी चालतं?

हा आक्षेप पौलाच्या काळातच आला होता. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? कधीच नाही! (रोम ६:१-२) एक सांगू का, आपण शुभवर्तमान सांगितल्यावर समोरच्याला हा प्रश्न पडलाच नाही, तर बहुतेक आपण ते नीट सांगितलंच नाही.

उत्तर असं की ज्या ख्रिस्ताने नीतिमान ठरवलं तोच माणसाला बदलतो पण. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत पण एकीशिवाय दुसरी येत नाही. नीतिमान ठरणं हा निकाल आहे, तो लागला की लागला. पवित्रीकरण ही आयुष्यभर चालणारी वाट, पवित्र आत्मा रोज थोडं थोडं बदलतो, कधी दोन पावलं पुढे कधी एक मागे. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा आपण दुसऱ्यावर पहिलं उभं करतो, म्हणजे या आठवड्यात बरं वागलो म्हणून देव खूश, मागच्या आठवड्यात घसरलो म्हणून नाराज. इफिस २:८-१० मध्ये क्रम क्लिअर आहे: कृपेने तारण, कृत्यांमुळे नाही, आणि लगेच पुढच्या ओळीत, सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले. जक्कयाची गोष्ट लूक १९ मध्ये वाचा, येशू आधी त्याच्या घरी जातो, सगळ्या गावासमोर त्याला आपलं म्हणतो, आणि अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत ही भाषा त्यानंतर सुरू होते.

विश्वासात आल्यावर परत तेच पाप झालं तर नीतिमत्त्व जातं का?

पेत्र येशूला तीनदा नाकारून बसला, तेही येशूबरोबर तीन वर्षं राहून. त्याला येशूने परत उभं केलं. १ योहान १:९ म्हणतं की आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करील. गंमत बघा, तिथे दयाळू आहे म्हणून असं नाही म्हटलं, न्यायी आहे म्हणून म्हटलंय. ज्याचा हिशेब वधस्तंभावर झाला तो परत मागणं न्यायाला धरून होणार नाही.

पाप हलक्यात घ्यायचं असं नाही. ते कबूल करायचं, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जायचं, आणि सवयीचं झालं असेल तर पाळक किंवा एखाद्या भरवशाच्या माणसाशी बोलायचं, लपवून ठेवलं की वाढतं. विश्वास पूर्णपणे सोडून दिला तर काय, यावर मात्र चर्चेसमध्ये मतभेद आहेत. रिफॉर्म्ड परंपरा म्हणते की देव ज्याला धरतो त्याला शेवटपर्यंत सोडत नाही, कॅथलिक, मेथडिस्ट आणि इतर बरेच म्हणतात की माणूस कृपेपासून दूर जाऊ शकतो.

मला आतून नीतिमान वाटतच नाही. सारखं गिल्ट येतं. याचा अर्थ काय?

अर्थ एवढाच की तुम्हाला तसं वाटत नाही. निकाल फीलिंगवर लागत नाही.

जखऱ्याचा तिसरा अध्याय काढा. यहोशवा मुख्य याजक परमेश्वराच्या दूतासमोर उभा आहे, अंगावर मळलेले कपडे, आणि सैतान उजव्या हाताला उभा राहून आरोप करतोय. आरोप खोटे नाहीत बरं, कपडे खरंच मळलेले आहेत. परमेश्वर सैतानाला धमकावतो, मळके कपडे काढायला लावतो, चांगली वस्त्रं घालायला लावतो, डोक्यावर स्वच्छ फेटा बांधायला लावतो. आणि त्या संपूर्ण अध्यायात यहोशवा एक शब्दही बोलत नाही. स्वतःची बाजू मांडत नाही, सबब सांगत नाही. त्याच्यासाठी बोलणारा दुसराच आहे.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं पण सांगतो, कारण त्याचा किस्सा नेहमी अर्धाच सांगितला जातो. २४ मे १७३८, लंडन, आल्डर्सगेट स्ट्रीटवरची एक बैठक, कोणीतरी ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचतंय, आणि वेस्ली लिहितो की माझ्या हृदयाला विलक्षण ऊब जाणवली, आपण फक्त ख्रिस्तावर भरवसा ठेवतोय असं वाटलं. एवढं सगळे सांगतात. त्याच रात्री घरी गेल्यावर मोहांनी परत घेरलं हेही त्यानेच लिहून ठेवलंय, ते कोणी सांगत नाही.

एक मात्र वेगळं करून बघा. एखाद्या ठराविक चुकीबद्दल मन खात असेल तर ती दुरुस्त करायची. पण "मी मुळातच फालतू आहे" असं महिनोन्महिने चालू असेल, झोप, भूक उडाली असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडे पण जा. तो अविश्वास नाही.

कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स यांच्यात या विषयावर फरक काय?

थोडक्यात सांगणं अवघड, तरी बघतो. पाचव्या शतकात पेलागियस म्हणत होता की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, ऑगस्टीनने त्याला जोरदार विरोध केला की कृपेशिवाय आपल्याला पहिलं पाऊलही टाकता येत नाही. ४१८ च्या कार्थेज परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. म्हणजे "आपल्या बळावर नाही, कृपेने" इथपर्यंत पश्चिमेकडची दोन्ही घराणी एकत्रच आहेत, हे बरेच जण विसरतात.

भांडण झालं १६ व्या शतकात. ल्यूथर आणि नंतर कॅल्विन म्हणाले की नीतिमान ठरवणं म्हणजे ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या नावावर गणलं जाणं, केवळ विश्वासाने. कॅथलिक चर्चने ट्रेंट परिषदेत १३ जानेवारी १५४७ ला आपला ठराव केला, १६ प्रकरणं आणि ३३ नियम, आणि म्हटलं की नीतिमान ठरवण्यात पापक्षमेबरोबर आतलं नवीकरणही येतं, ते बाप्तिस्म्याने सुरू होतं, आणि माणूस कृपेला साथ देत त्यात वाढतो. ऑर्थोडॉक्स परंपरा कोर्टाच्या भाषेत फार रमलीच नाही, तिथे भर देवाच्या जीवनात सहभागी होत जाण्यावर, आतून बरं होण्यावर आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक चर्च आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशनने संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, की आपल्या कुठल्याही पुण्याईने नाही तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसची जागतिक संघटना आली. सगळे फरक मिटले असं नाही, काही लूथरन आणि इतर प्रोटेस्टंट चर्चेसना ते घोषणापत्र मान्यच नाही. माझा स्वतःचा कल प्रोटेस्टंट बाजूला आहे हे वरच्या उत्तरांवरून कळलंच असेल.

बाप्तिस्मा घेतला नाही तर नीतिमान ठरत नाही का?

येशूबरोबर वधस्तंभावर टांगलेल्या गुन्हेगाराला बाप्तिस्मा घ्यायला वेळ नव्हता, आणि त्याला "आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे ऐकायला मिळालं (लूक २३:४३). पण त्याचं उदाहरण देऊन बाप्तिस्मा टाळू नका, येशूने स्वतः ती आज्ञा दिली आहे. तो नेमकं काय करतो यावर चर्चेसची शिकवण वेगवेगळी आहे, तुमच्या मंडळीत विचारा.

गरिबांना न्याय, समाजातला अन्याय, याचा नीतिमत्त्वाशी काही संबंध आहे की हे फक्त मी आणि देव एवढंच?

संबंध नसता तर संदेष्ट्यांची अर्धी पुस्तकं कोरी राहिली असती. आमोस ५ मध्ये देव म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या आणि नीतिमत्त्व अखंड प्रवाहासारखं. त्याच पुस्तकात गरिबाला एका जोडीच्या वहाणांसाठी विकणाऱ्यांची, खोटे तराजू वापरणाऱ्यांची नावं ठेवून खरडपट्टी आहे. मीखा ६:८ पण तेच, न्यायाने वाग, दयेची आवड धर, आपल्या देवासमोर नम्रपणे चाल.

ज्याला देवाने फुकट स्वीकारलंय त्याला दुसऱ्याला पायाखाली ठेवून मोठं होण्याची गरज उरत नाही, असं व्हायला हवं. चर्चमध्ये नेहमी असं दिसतं का? नाही. गलतीकरांस पत्रात हाच राडा आहे. पेत्र आधी परराष्ट्रीय (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायचा, मग सुंतेचा आग्रह धरणारे काही जण आले आणि त्यांच्या भीतीने तो वेगळा बसायला लागला, तेव्हा पौलाने सगळ्यांसमोर त्याला सुनावलं (गलती २:११-१६). आणि नीतिमान ठरवण्याबद्दलची पौलाची सुप्रसिद्ध वाक्यं नेमकी तिथेच येतात, जेवणाच्या पंगतीवरून झालेल्या भांडणात. कोण कुणाबरोबर बसतं हा त्याच्यासाठी शुभवर्तमानाचा प्रश्न होता.

सुरुवात कुठून करू? काय वाचू?

आधी लूक १८:९-१४, मग रोमकरांस पत्राचे अध्याय १ ते ८, घाई न करता, अडलं तर पुढे जा आणि नंतर परत या. हे पत्र साधारण इ.स. ५७ च्या आसपास करिंथहून लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात, तर्तियाने ते उतरवून घेतलं आणि शेवटच्या अध्यायात स्वतःचा नमस्कार पण घुसवलाय, तो शोधा. त्यानंतर गलती, मग याकोब, याच क्रमाने. मधे फिलिप्पै ३ वाचा, जिथे पौल आपल्या जमेच्या सगळ्या गोष्टी एकेक करून मांडतो, आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्राप्रमाणे निर्दोष, आणि ख्रिस्तापुढे त्या सगळ्याला केरकचरा म्हणतो. वाचताना वही जवळ ठेवा, आणि प्रश्न पडले की तुमच्या मंडळीतल्या कुणाबरोबर तरी बसून बोला, एकट्याने वाचून रोम ९ ला पोचलात तर डोकं गरगरेल, तिथे सोबत लागतेच.